भीमाशंकर, मार्गे शिडी घाट

ज्या डोंगराचे पाय रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात आणि मस्तक पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात आहे, अशा दुहेरी अंमलाच्या डोंगरावर महसूल खात्यातील निवृत्त अव्वल कारकुनाला कोणी नेऊ नये. कारण सामान्य मनुष्यास जेथे निसर्गशोभा दिसते, तेथे त्यास हद्द दिसू लागते.

खांडसहून भीमाशंकरास जाणाऱ्या दोन वाटांपैकी गणेश घाटाची वाट लांबची पण सौम्य, तर शिडी घाटाची जवळची पण उभी. भाऊसाहेबांनी आयुष्यभर कोणतेही प्रकरण जवळच्या मार्गाने निकालात काढले नव्हते. त्याची भरपाई म्हणूनच की काय, त्यांनी शिडी घाटाचा हुकूम सोडला. कातळाला टेकवलेल्या लोखंडी शिडीच्या ऐन मध्यावर, खाली पाहण्याची हिंमत नाही आणि वर पाहण्याची इच्छा नाही अशा अवस्थेत ते थांबले, आणि त्यांनी वाटाड्याला प्रश्न केला, ‘‘मामा, येथून कोणी पडला तर पंचनामा कोणत्या जिल्ह्यात?’’

‘‘पडलेलं खालीच जातं, साहेब,’’ मामा वरच्या पायरीवरून शांतपणे म्हणाला, ‘‘म्हणजे कर्जतात.’’

इतका निर्विवाद निवाडा भाऊसाहेबांनी उभ्या नोकरीत ऐकला नव्हता. ते मुकाट्याने चढले.

पदरवाडीच्या सपाटीवर चहा मिळाला, समोर पदरगडाचे सुळके उन्हात उजळले, आणि त्यापुढे ते अरण्य सुरू झाले, की जेथे अंजन, जांभूळ आणि हिरडा यांच्या दाटीमुळे मार्गशीर्षातले ऊनदेखील परवानगी काढून आत यावे. १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या वनाचा मानकरी म्हणजे शेकरू, ही तांबूस, झुपकेदार शेपटीची थोरली खार. एकच शेकरू निरनिराळ्या झाडांवर काटक्यापानांची अनेक घरटी बांधते, हे मामाकडून कळताच, दोन खोल्यांसाठी घरमालकाशी वर्षानुवर्षे कज्जा चालविलेल्या भाऊसाहेबांनी त्या प्राण्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तीत निसर्गप्रेमाचा अंश अल्प होता.

माथ्यावर पोहोचल्यावर देवदर्शन झाले. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांच्या फौजेने आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक येथे टांगलेली आहे. हे अवजड धूड ज्यांनी इथवर वाहिले त्यांच्या नावांची नोंद का नाही, याविषयी भाऊसाहेबांनी खेद प्रकट केला; मात्र स्वतःची पिशवी त्यांनी पदरवाडीपासूनच मामाच्या खांद्यावर दिलेली होती.

उन्हे कलता कलता आम्ही नागफणीच्या टोकावर आलो. पायाखाली कडा तुटलेला, त्यापुढे कोकणचा अवघा मुलूख नकाशासारखा पसरलेला, आणि आम्ही सकाळी जेथून निघालो ते खांडस त्या विस्तारात असे लोपलेले, की एवढ्या खालून आपण आलो यावर आमचाच विश्वास बसेना. भाऊसाहेबांचा ऊर अभिमानाने भरून आला. ती दिव्य कथा ऐकण्यास योग्य श्रोता मिळावा म्हणून त्यांनी आजूबाजूस पाहिले, तो एसटीने देवदर्शनास येऊन, तेथवर सावकाश फिरत आलेल्या एक आजीबाई शेंगदाणे खात बसलेल्या.

‘‘तुमी कंच्या गाडीनं आलासा?’’ त्यांनीच आधी विचारले.

‘‘आम्ही शिडी घाटाने आलो,’’ भाऊसाहेब शक्य तितक्या विनयाने म्हणाले.

‘‘ही गाडी नवीच दिसतीया. लाल हाय का निमआराम?’’

भाऊसाहेबांनी दोन्ही गुडघे चोळले. ‘‘आराम नाही, आजी,’’ ते म्हणाले, ‘‘निमसुद्धा नाही.’’