चार हजार तासांचे भांडवल

यूट्यूबने २०१८मध्ये नियम केला, की जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल, तर चॅनलला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास व्हिडिओ पाहिले गेल्याचे दाखवावे लागेल. पहिले काही तास घरचीच माणसे भरून काढतात. मामा-मावश्यांना लिंक पाठवून उभारलेले हे भांडवल बँकेच्या अर्जात मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. २०१६मध्ये आलेल्या ‘भाडिपा’ या यूट्यूब चॅनलने मराठी विनोदाला या माध्यमात प्रेक्षक मिळवून दिला आणि पुढे गल्लोगल्ली चॅनलचे ‘फाउंडर’ उगवले. बऱ्याच जणांचे उत्पादन एकच: वडापावचा घास घेऊन डोळे मिटणे. तो वडा तळणारा सकाळपासून कढईपाशी उभा असतो, पण त्याला उद्योजक म्हणायची पद्धत नाही. त्याच्याकडे रिंगलाइट नसतो. लग्नाच्या बाजारात दोघांचाही भाव अजून सरकारी कारकुनाच्या खालीच.