अमर्याद म्हणजे दोन एमबी

लिनक्स सर्व्हरवर टर्मिनल उघडून ‘युलिमिट -एस’ असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येते: ८१९२. हे किलोबाइट, म्हणजे ८ एमबी. एका प्रोसेसचा मुख्य स्टॅक जास्तीत जास्त एवढा वाढू शकतो. सर्व्हरमध्ये २ जीबी मेमरी असो की २५६ जीबी, आकडा हलत नाही. लाखो रुपये मोजून आणलेल्या यंत्राने ८ एमबीवर बोळवण करावी, हे प्रथमदर्शनी कद्रूपणाचे वाटते. पण ही फक्त कमाल मर्यादा आहे. प्रोसेस जेवढ्या पानांना खरोखर हात लावते तेवढीच मेमरी खर्ची पडते, आणि बहुतेक प्रोसेसना त्या ८ एमबीतला एक एमबीही जन्मात लागत नाही.

स्टॅकचे काम समजायला गप्पिष्ट आत्या डोळ्यांपुढे आणावी. ती सांगत असते पुतणीच्या लग्नाची गोष्ट. मधेच ‘त्यावरून आठवलं’ म्हणून व्याह्यांच्या वाड्यात शिरते, तिथून वाड्याच्या कोर्टकज्ज्यात, तिथून वकिलाच्या धाकट्या भावाकडे. गोष्ट पुरी करायची तर वकिलाकडून कज्ज्यात, कज्ज्यातून वाड्यात आणि वाड्यातून लग्नात, असे उलट्या क्रमाने परत यावे लागते. आत्या शेवटी ‘तर मी काय सांगत होते?’ असे विचारून मोकळी होते. संगणकाला ती सोय नाही. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावले की परतीचा पत्ता आणि हाताशी असलेली स्थानिक माहिती तो स्टॅकवर लिहून ठेवतो आणि परतताना पुसत येतो. एखादे फंक्शन स्वतःलाच बोलावू लागले आणि थांबायची अट लिहायची राहून गेली, तर लिहिणे तेवढे चालू राहते, पुसायची वेळ येतच नाही. ८ एमबी भरायला मग डोळ्याचे पाते लवण्याइतका वेळही फार होतो.

मर्यादा ओलांडली की कर्नल त्या प्रोसेसचा निकाल लावतो आणि पडद्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोन शब्द उरतात. जावा निदान ‘स्टॅकओव्हरफ्लोएरर’ असे नाव घेऊन रडते आणि खाली एकच ओळ शेकडो वेळा छापून आपली व्यथा मांडते. पायथन तर त्याच्याही आधी, हजार पायऱ्यांवरच हात वर करतो. सी भाषेतला प्रोग्राम मात्र गुपचूप मरतो. मरण्यापूर्वी काही नोंद करावी म्हणून त्यात खास फंक्शन लिहून ठेवलेले असले, तरी ते फंक्शन चालायला स्टॅक लागतो आणि संपलेला नेमका तोच असतो. अशा प्रसंगासाठी वेगळा पर्यायी स्टॅक आधीच राखून ठेवायची सोय आहे. ती कोणाला आठवते, तर एकदा असे मरण पाहिल्यावर.

आता मर्यादा बदलण्याकडे. मर्यादा दोन असतात, सॉफ्ट आणि हार्ड. कर्नल प्रत्यक्षात पाळतो ती सॉफ्ट. ती वापरकर्त्याने हार्डपर्यंत हवी तेवढी वाढवावी. बऱ्याच सर्व्हरांवर स्टॅकची हार्ड मर्यादा मुळात ‘अनलिमिटेड’ असते. म्हणजे ज्याच्यावर बंधन घातले त्याच्याच हाती ते सोडवायची किल्ली. उलट दिशेला मात्र कारभार कडक आहे. हार्ड मर्यादा कोणीही कमी करू शकतो, पण पुन्हा वाढवणे फक्त रूटच्या हाती. यातली मेख बॅश शेलमध्ये आहे. सॉफ्ट की हार्ड हे न सांगता नुसते ‘युलिमिट -एस ४०९६’ लिहिले की बॅश दोन्ही मर्यादा एकदम खाली आणते. सहज करून पाहावे म्हणून अर्धी केलेली मर्यादा मग ८१९२ वर न्यायला गेले की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. यावर उतारा म्हणजे ते टर्मिनल बंद करून दुसरे उघडणे. नवे टर्मिनल मागच्या गुन्ह्यांची चौकशी करत नाही.

ते का करत नाही, यातच या विषयाचे मर्म आहे. मर्यादा सर्व्हरची नसते, वापरकर्त्याचीही नसते. ती एकेका प्रोसेसची असते आणि आईबापाकडून मुलांकडे जाते. मुलांकडून आईबापाकडे काहीच जात नाही. म्हणूनच युलिमिट ही शेलच्या पोटातली आज्ञा आहे. तिचा वेगळा प्रोग्राम केला असता, तर त्याने स्वतःची मर्यादा वाढवली असती आणि त्याच क्षणी समाधानाने प्राण सोडला असता. शेल जिथल्या तिथे. स्क्रिप्टमध्ये युलिमिट लिहून ती चालवणारे आणि नंतर बाहेर येऊन ८१९२ पाहून चक्रावणारे लोक याच वाटेने जातात.

मर्यादा कायमची बदलायची तर ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘सिक्युरिटी’मध्ये ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’ नावाची फाइल आहे. तीत भरपूर उदाहरणे असतात आणि प्रत्येकापुढे हॅश, त्यामुळे एकही लागू नसते. अॅडमिन खाली एक ओळ वाढवतो: कोणाला, सॉफ्ट की हार्ड, ‘स्टॅक’ आणि ६५५३६. लॉगआउट करतो, लॉगइन करतो, युलिमिट विचारतो, ६५५३६ दिसते. सेवा रीस्टार्ट करून तो चहाला जातो. चहा संपायच्या आत सेवा पूर्वीसारखीच कोसळते.

ती फाइल वाचते कोण, तर पॅमचे एक मॉड्यूल, आणि तेही लॉगइनच्या वेळी. सिस्टमडीने सुरू केलेली सेवा कधी लॉगइन करतच नाही, त्यामुळे त्या फाइलशी तिची ओळख नसते. तिच्यासाठी सेवेच्या युनिट फाइलमध्ये ‘लिमिटस्टॅक’ अशी ओळ लिहावी लागते, डेमन-रीलोड करावे लागते आणि मग रीस्टार्ट. डेबियनवर आणखी एक खाच आहे: ‘सगळ्यांना’ या अर्थाने तारका लिहिली तरी त्या सगळ्यांत रूट येत नाही, त्याचे नाव वेगळे घालावे लागते. शिवाय शेजारी ‘लिमिट्स डॉट डी’ नावाचे फोल्डर असते. त्यातल्या फाइली मूळ फाइलच्या नंतर वाचल्या जातात, आणि कोणत्यातरी पॅकेजने कधीकाळी तिथे टाकलेली दोन ओळींची फाइल अॅडमिनच्या ओळीवर निमूटपणे बोळा फिरवते.

त्यात एककांचा घोळ. युलिमिटला किलोबाइट कळतात, लिमिट्स डॉट कॉन्फलाही किलोबाइट. सिस्टमडी नुसता आकडा बाइटमध्ये धरते, पुढे ‘एम’ लावले तरच मेगाबाइट. डॉकरला युलिमिटचा पर्याय द्यायचा तर पुन्हा बाइट. ६४ एमबीसाठी तिथे ६७१०८८६४ हा फोन नंबरसारखा आकडा लिहावा लागतो. एका ठिकाणचे ८१९२ उचलून युनिट फाइलमध्ये डकवले, तर त्या सेवेच्या वाट्याला ८ किलोबाइटचा स्टॅक येतो आणि ती बहुधा डोळे उघडायच्या आतच मिटते.

म्हणून लिमिट कुठे लिहिले यावर विश्वास न ठेवता ते पोचले का हे पाहणे बरे. ‘प्रॉक’मध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली ‘लिमिट्स’ नावाची फाइल असते. तिच्यातली ‘मॅक्स स्टॅक साइझ’ ही ओळ खोटे बोलत नाही. पहिला रकाना सॉफ्टचा, दुसरा हार्डचा. तिथे अजून ८३८८६०८ दिसत असेल, तर बाकी सगळे कष्ट वाया गेले असे समजावे. चालत्या प्रोसेसची मर्यादा ‘पीआरलिमिट’ या आज्ञेने बाहेरूनही वाढवता येते, पण तिचा फायदा मुख्य स्टॅकलाच. आधी जन्मलेल्या थ्रेडांचे माप जन्माच्या वेळीच ठरलेले असते.

थ्रेडांची कथा निराळीच. मुख्य स्टॅक गरजेप्रमाणे वाढतो; थ्रेडच्या स्टॅकसाठी पत्त्यांचा सलग पट्टा सुरुवातीलाच अडवून ठेवावा लागतो. जीलिबसी लायब्ररी त्याचे माप प्रोग्राम सुरू होतानाच्या सॉफ्ट मर्यादेवरून घेते. ३२-बिटच्या जमान्यात प्रोसेसला ३ जीबीचे पत्ते मिळत आणि दर थ्रेडला ८ एमबी या हिशेबाने पावणेचारशेच्या आसपास थ्रेडांतच जागा संपे. तेव्हाचे शहाणे अॅडमिन मर्यादा कमी करत. ६४-बिटवर पत्ते मुबलक झाले आणि हे शहाणपण अडगळीत गेले.

वैतागलेला माणूस शेवटी ‘अनलिमिटेड’ लिहितो. आता जीलिबसीपुढे पेच येतो, कारण अमर्याद लांबीचा पट्टा अडवणार कसा? ती स्वतःचे ठरलेले माप घेते, आणि नेहमीच्या ६४-बिट इंटेल-एएमडी यंत्रांवर ते आहे २ एमबी. म्हणजे मर्यादा असताना थ्रेडला ८ एमबी आणि मर्यादा उठवल्यावर २. हवामानाची मोठमोठी मॉडेले फोरट्रानमध्ये लिहिलेली असतात आणि काही कंपायलर त्यांतल्या तात्पुरत्या अॅरे स्टॅकवर टाकतात, म्हणून त्या वर्तुळात ‘युलिमिट -एस अनलिमिटेड’ ही ओळ नमनाला म्हटल्यासारखी प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर असते. तरीही मॉडेल कोसळले तर दोष बहुधा ओपनएमपीच्या थ्रेडांचा असतो. त्यांचे माप ‘ओएमपी स्टॅकसाइझ’ या वेगळ्याच व्हेरिएबलमध्ये द्यावे लागते. अल्पाइन लिनक्सवर तर जीलिबसीच नसते. तिथल्या मसल लायब्ररीत थ्रेडला मुळात १२८ केबी मिळतात, आणि डेबियनवर सुखाने चाललेला प्रोग्राम तिथल्या कंटेनरमध्ये गेल्यावर का मरतो, यावर संध्याकाळभर बैठका होतात.

मर्यादा वाढवल्याचे काही परिणाम अनपेक्षित दिशेने येतात. ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ हा संदेश लाखभर फाइलींवर तारका लावून ‘आरएम’ चालवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. नव्या प्रोग्रामला दिलेले शब्द त्याच्या स्टॅकवरच ठेवले जातात आणि २.६.२३ या कर्नलपासून त्यांना स्टॅकमर्यादेच्या चौथ्या हिश्शापर्यंत जागा मिळते. त्यामुळे स्टॅक वाढवला की फाइली पुसता येतात. वाईट बाजूही आहे. जून २०१७ मध्ये क्वालिसच्या संशोधकांनी ‘स्टॅक क्लॅश’ नावाचे हल्ले दाखवून दिले. त्यांत स्टॅक फुगवत फुगवत शेजारच्या मेमरीला नेऊन भिडवला जाई. दोघांमधली राखीव मोकळी जागा तेव्हा एका पानाची, म्हणजे ४ केबी होती. ती कर्नलने १ एमबी केली. त्या शब्दांच्या जागेलाही नंतर ६ एमबीचे वरचे टोक बसले.

सर्व्हरवरच्या प्रोग्रामांत या बाबतीत सभ्यपणे वागतो तो पोस्टग्रेस. त्याची स्वतःची ‘मॅक्स स्टॅक डेप्थ’ असते, सहसा २ एमबी. एकात एक गुंफलेली भलतीच लांब क्वेरी आली की तो मरत नाही, तेवढी क्वेरी नाकारतो आणि हे मूल्य वाढवा, पण आधी सिस्टिमची मर्यादा पुरेशी आहे याची खात्री करा, असे सुचवतो. ती खात्री न करता मोठा आकडा भरलाच, तर तोही नाकारतो. युलिमिटपेक्षा सुमारे एक एमबी कमी ठेवावे असे त्याच्या माहितीपुस्तकात लिहिले आहे, आणि अर्थातच ते एरर आल्यावर वाचले जाते.

किती वाढवावी, याचे उत्तर प्रोग्रामच्या स्वभावावर आहे. खोल पण कुठेतरी संपणारे रिकर्शन असेल तर १६, ३२, ६४ एमबी असे चढत जाऊन थांबावे. जे संपतच नाही, त्याला ६४ एमबी दिले तर ते आठपट उशिरा मरते, एवढाच लाभ.

इतर सगळ्यांना हे वाटप करणारा कर्नल स्वतः मात्र फार थोडक्यात भागवतो. सामान्य ६४-बिट यंत्रांवर प्रत्येक थ्रेडमागे त्याचा स्वतःचा स्टॅक १६ केबी असतो. २०१४ च्या ३.१५ आवृत्तीपर्यंत तो ८ केबीच होता, आणि तेव्हाची वाढही बरीच कुरकुर होऊनच झाली. त्या स्टॅकवर युलिमिट चालत नाही. त्याचे माप बदलायचे तर कर्नलच नव्याने कंपाइल करावा लागतो.