पहाटेचा प्राणायाम : सोलापुरी पाठ

(साधकांनी एकदा वाचावा, नळाला पाणी येण्याच्या आदल्या रात्री दोनदा.)

जागा : स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत साधनेसाठी सुराज्य, सुभिक्ष आणि उपद्रव नसलेला प्रदेश सांगितला आहे. मठाचं दार लहान असावं, भोकं-फटी नसाव्यात, आवारात विहीर असावी. यातलं लहान दार सोलापुरात सहज मिळतं. विहिरीच्या जागी उजनीची पाइपलाइन धरावी. सुराज्यासाठी अर्ज करून ठेवावा आणि तोवर गच्चीवर बसावं.

आसन : सोलापुरी चादर चौपदरी घालावी. कुणी पांघरलेली ओढून घेऊ नये. उपद्रव तिथूनच सुरू होतो.

आहार : ग्रंथाला तिखट, आंबट, खारट आणि लसूण वर्ज्य. म्हणजे शेंगाची चटणी एका फटक्यात बाद. तरीही रात्री कडक भाकरीबरोबर ती झालीच असेल, तर सकाळी येणारा ढेकर रेचकात धरावा.

कृती :

१. पूरक, कुंभक, रेचक यांचं जुनं प्रमाण १:४:२. चार मोजून श्वास घ्यावा, सोळा मोजून धरावा, आठ मोजून सोडावा. नवख्यांनी धरूच नये. पूर्व भागातल्यांनी मोजत बसू नये. यंत्रमागाची खटखट मोजून देते.

२. सूर्यभेदन गाळावं. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की सूर्य आपण होऊन भेदतो. त्याऐवजी शीतली करावी : जिभेची पन्हळ करून हवा आत ओढावी, नाकाने सोडावी.

३. भ्रामरीत भुंग्यासारखा गुंजारव करायचा असतो. शेजारच्या मोटारीने सूर आधीच धरलेला असेल, तर उठावं. पाणी आलंय.

४. मूर्च्छा पाणीपट्टीच्या बिलासाठी राखून ठेवावी.

५. प्लाविनीत पोटात वारा भरून खोल पाण्यावर कमळाच्या पानासारखं तरंगायचं. सिद्धेश्वर तलावात प्रयोग करू नये. घरी करायचा, तर खोल पाणी आणणार कुठून?

गुरू : गुरूविना प्राणायाम करू नये. सोलापूरकराचा गुरू घरातच आहे : नळ. चार-चार, पाच-पाच दिवस तो कुंभकात असतो. पाण्याच्या दिवशी आधी फुसफुसत दीर्घ रेचक करतो, दोनदा खोकतो, मगच प्रसन्न होतो. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या. पण इतका दमदार साधक त्यांच्या यंत्रांपुढे बसला नाही.

सावधानता : रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी श्वास रोखू नये, डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी पाण्याच्या दिवशी डोळे मिटू नयेत. ऐन कुंभकात खालून मित्राची हाक आली, "काय बे, पाणी आलंय की!" तर आधी श्वास सोडावा, मग जिना उतरावा. कपालभाती राहिली म्हणून हळहळू नये. भरलेल्या घागरी घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ती झालेली असते.