दुसरी की तिसरी?

अहो वहिनी, या ना जरा इकडे, कुंपणापाशी. ऐकलंत का, समोरच्या आजींकडे काय झालं ते? नाही? कमाल करता! आमच्या अख्ख्या चर्चला माहीत आहे.

नातीचं जमलंय हे तर ठाऊकच आहे तुम्हाला. मुलगा मडगावचा, कॅथलिक. आणि आजी पक्क्या प्रोटेस्टंट, पंचहौदच्या. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय म्हणजे त्यांचं माहेरच. तर त्या दिवशी मंडळी बोलणी करायला आली. मुलाचे आईवडील आणि धाकटी बहीण, ती बंगलोरला आयटीत असते. चहा आला. हिनं कप उचलला आणि तो कलंडला की थेट सिल्कच्या कुर्त्यावर. तोंडातून काय निघावं? ‘जीझस ख्राइस्ट!’ अहो, केवढ्यानं!

आजींच्या तोंडातली चकली वाजायची थांबली. सून पुसायला फडकं घेऊन उभी, ती तशीच उभी. आजी अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘बाळ, तिसरी आज्ञा पाठ आहे ना?’

आता मुलाची आई लेकीवर आधीच डोळे वटारून बसलेली, ती काही बाजू घेणार नव्हती. पण बाईला राहवेना. म्हणाली, ‘दुसरी.’ आजी म्हणाल्या, ‘तिसरी.’ ‘दुसरी हो, फादरनी शिकवलीय.’ ‘आम्हाला मिसबाईंनी शिकवलीय, तिसरी!’ लग्न राहिलं बाजूला. नवऱ्या मुलाचा चेहरा असा पडला म्हणता...

पंचहौद आणि चहा, हे गणितच वाईट बघा. 1890 मध्ये टिळक-रानड्यांसारखी माणसं मिशनमध्ये चहाला गेली, आणि गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली. मिशनऱ्यांचा चहा घेतला म्हणून मग बसले सगळे प्रायश्चित्ताचा घोळ निस्तरत. जीभ गोपाळरावांची सुटली आणि...

तर काय सांगत होते? हं, दुसरी की तिसरी. शेवटी संडेस्कूल शिकवणारे आजींचे दीर उठले. म्हणाले, दोघीही बरोबर. देवाचं नाव उगाच तोंडात घ्यायचं नाही, आज्ञा तीच. पण आम्ही प्रोटेस्टंट मूर्तीची आज्ञा वेगळी मोजतो, ती दुसरी, म्हणून नावाची येते तिसरी. कॅथलिक ती पहिलीतच धरतात. मग दहा कशा भरतात? तर शेवटची लोभाची आज्ञा ते दोन करतात. शेजाऱ्याची बायको वेगळी, शेजाऱ्याची मालमत्ता वेगळी! आजींना हे काही फारसं रुचलं नाही. बरोबर असणं त्यांना चालतं, ‘दोघीही’ चालत नाही.

तुमचं आपलं बरं वहिनी. तुमच्यात अजामिळानं मुलाला हाक मारली ‘नारायणा’ म्हणून, तर तेवढ्यावर सुटला. आमच्यात नाव चुकून निघालं तरी हिशोब द्यावा लागतो. प्रार्थनेत घ्या, संकटात घ्या, पण चहा सांडला म्हणून नाही. आणि शपथ तर घ्यायचीच नाही. ना आकाशाची, ना स्वतःच्या डोक्याची. हो तर हो, नाही तर नाही, डोंगरावरच्या प्रवचनात सरळ सांगितलंय. आता आमच्या पोरांचं ‘आईशप्पथ’ कुठे बसवायचं ते तुम्हीच सांगा.

गंमत पुढेच आहे. मुलाची आई उठता उठता गुडघ्याला हात लावून म्हणाली, ‘सायबा भोगोस!’ झालं, आजींनी लगेच कान टवकारले. ‘हे काय आणि?’ ती म्हणाली, ही तर क्षमेची प्रार्थना, देवा माफ कर म्हणते मी. आजी म्हणाल्या, ‘गुडघा दुखला की माफी?’ आता यावर काय बोलणार बिचारी!

मुलगा हुशार हो. त्यानं विषय थेट फुटबॉलवर नेला, गोव्याचाच ना शेवटी. इटलीत म्हणे मैदानावर देवाला शिवी दिली तर खेळाडूला एका मॅचची बंदी होते. रोमाचा तो क्रिस्टांते, 2020 मध्ये स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारला आणि तोंडून सुटलं. बसला घरी. कोविडमुळे स्टेडियम रिकामी, त्यामुळे माइकवर सगळं लख्ख ऐकू यायचं! बुफॉनसुद्धा, एवढा मोठा गोलकीपर, त्यालाही पाच हजार युरो दंड ठोकला. आजी एकदम खूश. म्हणाल्या, ‘बरं झालं.’ मॅच बघायचं मात्र नाव नाही.

मग त्या पोरीनं हळूच विचारलं, ‘मग मी गॉश म्हणू?’ संडेस्कूलच्या काकांनी सांगितलं, कडक माणसं तेही चालवून घेत नाहीत. गॉश म्हणजे गॉडच, कडा झिजलेला. जीझ म्हणजे कोण, ते वेगळं सांगायला नको. ‘मग ओएमजी?’ यावर काकाही गप्प. ती म्हणाली, ‘मग मी ओरडू काय?’ खरंच की, माणसानं ओरडावं तरी काय? माझं मत विचाराल तर ‘अगं बाई’ सगळ्यात सेफ. कुणाच्याच आज्ञेत येत नाही.

आणि पाळकसाहेबांच्या कानावर कुणी घातलं देव जाणे... म्हणजे, कुणीतरी घातलं असेल. गेल्या रविवारी प्रवचन कशावर? याकोबाचं पत्र, अध्याय तिसरा. घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचं एवढंसं सुकाणू, जंगल पेटवणारी ठिणगी, सगळं जिभेबद्दल. आजी मान डोलावत होत्या, जणू त्यांच्यासाठीच. पण पाळक पुढे म्हणाले, त्या अध्यायात ‘ओ माय गॉड’ कुठेच नाही हो. ज्या तोंडानं देवाला धन्यवाद देता, त्याच तोंडानं देवानं घडवलेल्या माणसाला शिव्याशाप देता, बोच याकोबाची ती आहे. आणि चहाडीसुद्धा जिभेचंच पाप. मग काय, आजींची मान डोलायची थांबली, महिला मंडळाची पहिली रांग एकदम पुस्तकात डोकं घालून बसली. खजिनदारबाईंचा पदर सरळच होईना.

माझ्या दिशेनंही एकदोघींनी वळून पाहिलं. पण माझ्या मागच्याच बाकावर त्या दोघी बहिणी होत्या ना, त्यांच्याकडे बघत असणार. त्यांचं ते शिरूरच्या जमिनीचं ऐकलंत ना तुम्ही? नाही? अहो, मग थोडं पुढे सरका, मोठ्यानं नाही बोलता यायचं.