दोन धैवत, चार तारा

युकुलेले सुरात लावून चारही तारा मोकळ्या छेडल्या की जॅझमधली एक रीतसर कॉर्ड वाजते. प, सा, ग, ध. तिला सी सिक्स्थ म्हणतात. डावा हात खिशात घालून उभं राहिलं तरी चालतं. माझी एवढीच एक कॉर्ड कायम स्वच्छ वाजते, आणि तिच्यावर समाधान मानलं असतं तर इमारतीत शांतता नांदली असती. पण मला बीबॉप हवा होता, तोही मायनर.

बीबॉप म्हणजे १९४०च्या दशकात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी वगैरे मंडळींनी न्यूयॉर्कमध्ये काढलेलं, नाचणाऱ्यांच्या पायांची फिकीर न करणारं भरधाव जॅझ. चार मात्रांत आठ सूर पळवायचे, आणि पट्टीत सूर सात! मग वरचा षड्ज मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या फटीत पडतो. म्हणून एक सूर जास्तीचा घ्यायचा. वादक हे कानाने करत होतेच. पुढे इंडियाना विद्यापीठात शिकवणाऱ्या डेव्हिड बेकरने त्याला बीबॉप स्केल असं नाव देऊन पुस्तकात बसवलं. मायनरमध्ये तो जास्तीचा सूर म्हणजे कोमल धैवत. सा, रे, कोमल ग, म, प, मग दोन्ही धैवत लागोपाठ, वर शुद्ध नी. पटदीप आणि कीरवाणी एकाच वेळी.

आमच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या काकू राहतात. त्यांनी दारातूनच विचारलं, "दोन्ही धैवत? एकापाठोपाठ एक?"

"जॅझ आहे काकू. अमेरिकेत चालतं."

"तिकडे काहीही चालतं."

मी संगीतकार सी. रामचंद्रांना मध्ये घातलं. 'अलबेला' (१९५१) काकूंना पाठ आहे. त्या सिनेमाच्या संगीतात आल्डोन्याच्या चिक चॉकलेटचा हात होता, हा गोंयकार ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवायचा, वगैरे सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो ट्रम्पेट वाजवायचा. हे काय आहे?"

हे काय आहे ते सांगायचं तर, १८७९ साली मादेरा बेटावरून रॅव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजाने होनोलुलूला आलेल्या पोर्तुगीज सुतारांनी घडवलेलं वाद्य आहे. पण त्या सुतारांनी साठेक वर्षं आधीच बीबॉपची सोय करून ठेवली, असं माझं मत आहे. डेट्रॉइटचा पियानिस्ट बॅरी हॅरिस (१९२९–२०२१) या आठ सुरांतला एकाआड एक सूर उचलून दोन कॉर्ड करायला शिकवायचा. सा, कोमल ग, प, शुद्ध ध झाली मायनर सिक्स्थ. उरलेले रे, म, कोमल ध, नी झाली डिमिनिश्ड. पट्टी चढताना एक निवांत कॉर्ड, एक अस्वस्थ, पुन्हा निवांत, पुन्हा अस्वस्थ. दोन्हींत सूर चार-चार. आणि तारा चार!

डिमिनिश्ड गुणी आहे. एक-दोन-एक-दोन अशा पडद्यांवर बोटं ठेवा, तोच आकार तीन पडदे पुढे सरकवा, तेच सूर जागा बदलून पुन्हा हजर. मायनर सिक्स्थ मात्र दर मुक्कामी नवं सोंग घेते. दोन-तीन-तीन-तीन जमतं. पुढचं पाच-सात-पाच-सहा: तर्जनी पाचव्या पडद्यावर आडवी टाकायची, अनामिका वर 'सी'च्या तारेवर सातव्याला, आणि मधल्या बोटाने तिच्या पोटाखालून वाकून 'ए'च्या तारेवर सहावा गाठायचा. करंगळी या वेळी हवेत उभी राहून मजा बघते.

एवढं करून जे वाजतं त्याचं नाव तरी पक्कं असावं? दोन-तीन-तीन-तीन म्हणजे सी मायनर सिक्स्थ. तेच ए हाफ डिमिनिश्ड. तेच एफ नाइन्थ, जिच्यात एफ मुळात नाहीच. लग्नात एकच गृहस्थ एकाचा मामा, दुसऱ्याचा काका आणि तिसऱ्याचा थकलेला देणेकरी असतो, तशातली गत. नाव ठरवतो तो खाली बेस वाजवणारा. आणि युकुलेलेला खालचा सूरच नाही, कारण हनुवटीजवळची 'जी'ची तार, जी खर्जातली असायला हवी, तीच मुळात चढी लावतात. जॅझ युकुलेलेचा थोर वादक लायल रिट्झ याने 'हाउ अबाउट यूक?' ही तबकडी १९५७ साली काढली. पुढे पोट मात्र भरलं ते लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत बेस वाजवून. मला यात काही नवल वाटत नाही.

माझ्याकडे बेसवाला नाही. हे काकूंना कळल्यावर त्या स्वतःहून इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन आल्या. "षड्ज असला म्हणजे तू कुठे आहेस ते निदान आम्हाला तरी कळेल." उपाय शास्त्रशुद्ध होता. फक्त काकूंची पट्टी काळी चार. म्हणजे सुरुवातच एक-तीन-एक-दोन. पाच-सात-पाच-सहाचाच तो आकार, पण अगदी खाली, जिथे पडदे सगळ्यांत रुंद असतात. तानपुऱ्याला पट्टी बदलायचं बटण आहे. काकू ते दाबू देत नाहीत.