आधी पायलट घडवा

धाराशिवहून मुंबईला विमान कधी सुटणार, या प्रश्नात मला फारसा जीव दिसत नाही. सोलापुरात विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, २०२५ च्या जूनमध्ये तिथून गोव्याचे विमान उडाले. प्रवाशाला सोलापूर काही लांब नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या विमानाच्या कॉकपिटमध्ये परंड्याची, कळंबची, उमरग्याची पोरं कधी बसणार?

तिथे जायला मुख्य वाटा दोन. एक हवाई दलातून. कॅप्टन दीपक साठे त्या वाटेने आले होते : एनडीए, मग हवाई दल, एचएएलमध्ये चाचणी वैमानिक, शेवटी एअर इंडिया. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला त्यांचे विमान उतरताना पाऊस, पाठीचा वारा, ओली धावपट्टी आणि चाके टेकली ती बरीच पुढे. त्या अपघातात इतका अनुभवी माणूस आपण गमावला. उतरणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे यावरून कळावे.

दुसरी वाट पैशाची. बारावीला भौतिकशास्त्र-गणित, वैद्यकीय तपासणी, डीजीसीएच्या परीक्षा आणि २०० तासांचे उड्डाण. खर्च सहज ५० लाखांच्या घरात. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ रुपये. म्हणजे हजार क्विंटलहून जास्त सोयाबीन विकायचे. एकरी आठ क्विंटल धरले तरी सव्वाशे एकरांची रास, तीही बी-खताचा खर्च वजा न करता. आपल्याकडे इतकी जमीन आहे कुणाकडे?

धाराशिवला धावपट्टी मात्र आहे. २००९ साली नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि आपली, अशा पाच धावपट्ट्या एमआयडीसीने ९५ वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे दिल्या. शिकाऊ सेस्नाला मोठ्या विमानासारखी लांबलचक पट्टी लागत नाही. वर्दळ नको, आभाळ मोकळे हवे. पहिल्या उड्डाणाआधी कुणीतरी पट्टीवरून फिरून खडे, तारा, मेलेले पक्षी उचलतो, कुंपणातून कुत्री-शेळ्या शिरणार नाहीत हे बघतो. वाऱ्याची दिशा बघून कोणत्या टोकाने उडायचे ते ठरते. मग विद्यार्थी फेरी मारतो, चाके टेकवतो आणि न थांबता पुन्हा वर जातो. हेच दिवसभर, हात बसेपर्यंत. गोंदियाजवळ बिरसीला असे प्रशिक्षण वर्षानुवर्षे चालले आहे.

आमदार-खासदारांनी मुंबईच्या विमानाआधी हे मागावे. धाराशिवच्या पट्टीवर वैमानिक प्रशिक्षण संस्था आणा आणि परवानगी देतानाच अट घाला, की दरवर्षी ठरावीक जागा याच जिल्ह्यातल्या मुलामुलींच्या आणि त्यांची फी सरकार भरणार. नीती आयोगाने २०१८ साली ‘आकांक्षित’ म्हणून निवडलेल्या जिल्ह्यासाठी हा खर्च जास्त नाही.