बी सुटलं, शेंडा अडकला

एकाच झाडाचं बी खाऊ, काडी कापड, पान अर्धा गुन्हा आणि शेंडा तुरुंग. हे कोडं नाही. हा आपला कायदा आहे.

1985 चा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा म्हणतो, गांजा म्हणजे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बी आणि पान मोकळं. म्हणून वाराणसीत भांगेचं सरकारमान्य दुकान. आता तिथला पाहुणा काजवे बघायला भंडारदऱ्याला निघाला, वाटेत राजूरला चहाला उतरला, खिशात भांगेची गोळी. इथे 1949 चा दारूबंदी कायदा वाट बघत बसलाय. त्याच्या लेखी विनापरवाना पानसुद्धा मादक!

दिल्लीने सोडलं, मुंबईने धरलं.

एनडीपीएस लागू झाला 14 नोव्हेंबरला. बालदिनी. बाळ चाळिशी गाठून बसलं, अक्कलदाढ अजून यायचीच आहे.

तुरीत गांजाची झाडं सापडली की पोलिसांनी ती मुळासकट उपटायची, काट्यावर ठेवायची, मागे उभं राहून फोटो काढायचा. जवळ सापडलेल्या मालाची शिक्षा किलोवर. एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोच्या वर व्यापारी, म्हणजे किमान दहा वर्षं. त्या वजनात शेंडे किती, देठ किती, मुळाची माती किती? मातीला कोण जामीन देणार?

बरं, औषधाचं काय? वैद्यकीय वापराची फट एनडीपीएसच्या कलम 8 मध्येच आहे. आयुर्वेदात हीच बाई 'विजया' म्हणून मिरवते, जातिफलादी चूर्णात बसते. औषध नियमांच्या ई-1 परिशिष्टात ती विषारी द्रव्य, म्हणून डबीवर इशारा सक्तीचा: वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या. कोणत्या भाषेत? इंग्रजी आणि हिंदी.

राजूरच्या आजीने वास घेऊन ओळखावं.

2 डिसेंबर 2020. व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे प्रश्न होता, गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचं का? 27 विरुद्ध 25, काढायचं ठरलं. भारताचं मत 'काढा'च्या बाजूने. घरी येऊन कुणाला सांगितलंत?

अमेरिकेची तऱ्हा आणखी न्यारी. 1970 च्या कायद्यात गांजा हेरॉइनच्या पंगतीला, वैद्यकीय उपयोग शून्य. 2018 मध्ये त्याच झाडातल्या सीबीडी या द्रव्याचं फिटवरचं औषध मंजूर. मंजूर कुणी केलं? त्याच सरकारने.

चिलीमवाल्यांनी टाळ्या वाजवू नयेत. कोवळ्या मेंदूला गांजा बाधतो, हे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात. प्रश्न तुमच्या धुराचा नाहीच. केमोनंतर ओकाऱ्यांनी बेजार झालेल्याचा आहे, आणि त्याला रांगेत उभं राहायचंही त्राण नाही.

नगरकरांनो, जाता जाता एक. इंग्रजी अमदानीत आपल्याच जिल्ह्यात गांजा परवान्याने पिकायचा. 1893-94 च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर साक्षी काढल्या आणि लिहिलं, बेताने घेतला तर फारसा अपाय नाही, सरसकट बंदीची गरज नाही. तेव्हा शेंड्यावर कर होता. आता शिक्षेचं कलम 20 आहे.